मातीचा बांध आणि त्याचा धनी

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, घोडेगावहून भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत, एका ओढ्यावर मातीचा एक खाजगी बांध आहे. जवळच्या शाळेतील एका शिक्षकांनी गेल्या मे महिन्यात मला तो पाहायला बोलावले. तीसेक वर्षांपूर्वी एका कुटुंबाने स्वतःच्या जमिनीत, स्वतःच्या पैशाने तो घातला. ओढ्याच्या तळापासून उंची सुमारे सात मीटर, लांबी शंभर-सव्वाशे पावले. ज्यांनी बांधला ते गृहस्थ आता नाहीत. मुले मुंबईला असतात. बांधाखाली अर्ध्या कोसावर वाडी आहे आणि वाडीच्या कडेला, ओढ्याच्या अगदी काठी, शाळा.

उन्हाळ्यात पाणी खाली गेलेले असते, म्हणून बांध पाहायला हाच काळ बरा. माथ्यावर घाणेरीचे रान माजले होते आणि त्यात एक चांगले वाढलेले उंबराचे झाड. सांडव्याच्या तोंडाशी कोणीतरी दगड रचून त्यावर मातीची पोती ठेवलेली. फूटभर पाणी जास्त मावावे हा हेतू. बांधाच्या बाहेरच्या अंगाला पायथ्याशी भर मे महिन्यात एक पट्टा हिरवागार. बांधातून आरपार एक लोखंडी नळ काढलेला होता आणि त्याच्या बाहेरच्या तोंडाभोवतीची माती ओली होती.

वाडीतले एक म्हातारे गृहस्थ आमच्याबरोबर आले होते. गुरुजींनी त्यांना विचारले, "बाबा, ही ओल कधीपासून आहे?"

"दोन-तीन वर्सं झाली गुरुजी. खेकड्यांनी पोखरलाय त्यो. माळीण झाल्यापास्नं पावसाळ्यात रात्रीचा दोनदा उठतो मी, वढ्याचा आवाज ऐकायला."

माळीण तिथून लांब नाही. 30 जुलै 2014 च्या सकाळी डोंगराची पाणी प्यालेली माती त्या गावावर उतरली आणि दीडशेवर माणसे गेली. ओली माती वाहते हे या भागात कोणाला शिकवावे लागत नाही.

गुरुजींनी मला दोन प्रश्न विचारले. हा बांध धोक्याचा आहे का? आणि त्याच्याकडे बघायचे काम कोणाचे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर माती आणि पाणी यांच्या शास्त्रात आहे. दुसरा प्रश्न फार जुना आहे आणि मला तो अधिक अवघड वाटतो.

खाजगी माणसाने स्वखर्चाने पाणी साठवण्याची परंपरा या मुलखात दोन हजार वर्षांची तरी आहे. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत जी लेणी आहेत त्यांतील ब्राह्मी शिलालेखांत 'पोढी' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. पोढी म्हणजे कातळात खोदलेले पाण्याचे टाके. इरिल नावाच्या एका यवनाने, म्हणजे ग्रीक माणसाने, दोन पोढ्या दान दिल्याचा लेख आहे. लेण्याद्रीच्या डोंगरात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि एक पोढी दिली. मानमोडीच्या डोंगरात क्षत्रप राजा नहपान याचा अमात्य अयम याने वर्ष 46 मध्ये पोढी आणि मंडप करवला. नाणेघाटातही वाटसरूंसाठी अशी टाकी आहेत, आणि शिवनेरीवर गंगा-जमुना टाक्यांचे पाणी अजून पिता येते.

या दानांत एक सोय होती. बेसॉल्टच्या सलग कातळात टाके एकदा खोदले की देणाऱ्याचे काम संपले. पुढच्या पिढीने गाळ काढला तर उत्तम. नाही काढला तरी टाके फुटून कोणाच्या अंगावर येत नाही. मातीच्या बांधाला ही सोय नाही.

मातीच्या बांधातून पाणी झिरपतेच. बांध चांगला असेल तर ते हळू झिरपते, एवढेच. 1856 साली फ्रान्समधील दिजों शहराच्या पाणीपुरवठ्याचा अहवाल लिहिताना आँरी दार्सी या अभियंत्याने वाळूतून झिरपणाऱ्या पाण्याचे मोजमाप दिले. पाण्याच्या पातळीतील फरक जितका जास्त आणि वाट जितकी आखूड, तितके पाणी अधिक वाहते. आपल्याकडे बांधाच्या पोटात काळ्या चिकण मातीचा गाभा आणि दोन्ही अंगांना मुरमाचे कवच घालतात, ते याचसाठी. काळी माती पाण्याला अडवते, मुरूम बांधाला उतारावर उभा धरतो. पण काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. बांध वर्षानुवर्षे कोरडा पडला आणि वरचे मुरमाचे आवरण झिजले तर भेगा गाभ्यापर्यंत जातात.

झिरपणारे पाणी स्वच्छ असेल तोवर ते एकटेच बाहेर येत असते. गढूळ झाले की समजावे, ते माती घेऊन निघाले आहे. मातीचा पहिला कण सुटतो तो बाहेरच्या तोंडाशी. तिथे छोटीशी पोकळी होते, त्यामुळे पाण्याची वाट तेवढी आखूड होते, वेग वाढतो आणि पुढचा कण सुटतो. असे बीळ बाहेरून आत, साठ्याच्या दिशेने सरकत जाते. ते साठ्यापर्यंत पोचले की उरलेले काम काही तासांत होते. यावर उपाय सोपा आहे. पाणी जिथे बाहेर पडते तिथे वाळू आणि खडी यांचा चढत्या जाडीचा गाळणथर घालायचा, म्हणजे पाणी जाते आणि माती अडते. 1920 च्या दशकात कार्ल टेर्झागीने या थरातील कणांच्या मापांचे गणित बसवले. आमच्या बांधाला असा थर नव्हता. लहान खाजगी बांधांना तो सहसा नसतोच, कारण बाहेरून तो दिसत नाही आणि पैसे मात्र लागतात.

आता खेकडा. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण फुटले आणि खालच्या भेंडवाडीतील वीसच्या आसपास माणसे बुडाली. धरणाला गळती असल्याची तक्रार ग्रामस्थांनी आधीच केली होती. त्या वेळच्या जलसंधारण मंत्र्यांनी दोष खेकड्यांवर ठेवला आणि राज्यभर त्याची चेष्टा झाली. चेष्टा रास्त होती. पण खेकड्याचा मुद्दा शास्त्रदृष्ट्या अगदी खोटा नाही. बिळामुळे पाण्याची वाट आखूड होते, आणि दार्सीचा नियम बीळ कोणी पाडले ते विचारत नाही. जानेवारी 2014 मध्ये इटलीत सेक्किया नदीचा मातीचा तट फुटला, तेव्हा साळिंदर, बिज्जू अशा प्राण्यांच्या बिळांमुळे तो फुटला असावा असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला. फरक इतकाच की खेकडा एका रात्रीत धरण फोडत नाही. त्याची बिळे दिसतात, बुजवता येतात. कोणी पाहिली तर.

लोखंडी नळाचे काय होते ते वर्गात दाखवता येईल. घमेल्यात चिकण मातीचा वीतभर उंच बांध घाला. त्यातून पपईच्या पानाचा पोकळ देठ आरपार घाला आणि त्याचे आतले तोंड मेणाने बंद करा. एका बाजूला पाणी भरून थांबा. देठातून थेंबही येणार नाही, पण बहुधा थोड्या वेळाने देठाच्या बाहेरच्या अंगाने पाणी येऊ लागेल, कारण देठ आणि माती यांचा सांधा ही बांधातील सर्वांत कच्ची जागा. माती चोपून बसवताना देठाखाली हात पोचत नाही. मोठ्या धरणांतही नळमार्ग ही नाजूक जागा असते. 12 जुलै 1961 ला आंबी नदीवरचे पानशेत धरण फुटले तेव्हाही खचण्याची सुरुवात विमोचकाच्या नळमार्गावरील भरावापासून झाली होती. नळमार्गाचे आणि दरवाजाचे काम अपुरे असताना पावसाळ्याचे पाणी साठले होते. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, पण सकाळी धरण फुटले, दुपारी खाली खडकवासला फुटले आणि पुण्याचा नदीकाठ पाण्याखाली गेला.

तर माती कशी फुटते हे आपल्याला बऱ्यापैकी कळलेले आहे. ती कोणी राखायची, हा दुसरा प्रश्न. त्याचा सर्वांत जुना लेखी पुरावा गिरनारच्या पायथ्याशी, जुनागढच्या एका मोठ्या शिळेवर आहे. तिथले सुदर्शन तळे मातीचा बांध घालून केलेले होते. चंद्रगुप्त मौर्याचा अधिकारी पुष्यगुप्त याने ते बांधले, अशोकाच्या काळात तुषास्फ या यवन अधिकाऱ्याने त्याला कालवे काढले. मग इसवी सन 150 च्या सुमारास, मार्गशीर्षातल्या अवकाळी वादळात, सुवर्णसिकता आणि पलाशिनी या नद्यांना पूर आला आणि बांधाला 420 हात लांब, तितकेच रुंद आणि 75 हात खोल खिंडार पडले. क्षत्रप राजा रुद्रदामन् याच्या मंत्र्यांनी दुरुस्ती अशक्य म्हणून सांगितले. लोक हवालदिल झाले. शेवटी राजाने जादा कर किंवा वेठबिगार न लादता, स्वतःच्या खजिन्यातून, सुविशाख या अमात्याकडून बांध पूर्वीपेक्षा मजबूत करून घेतला. लेखात तसे अभिमानाने कोरले आहे. पुढे तीनशे वर्षांनी, स्कंदगुप्ताच्या काळात, भाद्रपदातल्या एका रात्री तो पुन्हा फुटला. चक्रपालिताने तो बांधून काढल्याची नोंद त्याच शिळेवर आहे. राज्ये तीन बदलली, बांध एकच. मला ही शिळा प्रशस्तीपेक्षा बांधाची दुरुस्तीवही वाटते. वहीतल्या नोंदी थांबल्या, आणि तळेही आज तिथे नाही.

सुदर्शन राजाचे होते. खाजगी मातीच्या बांधांची महाराष्ट्रातली मोठी शाळा म्हणजे पूर्व विदर्भ. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या जाणकारांनी हजारो तलाव बांधले. पुढे ते मालगुजारांच्या मालकीचे झाले. पाळीची माती, गाळ, सांडवा यांची देखभाल मालगुजार करून घेत असे; ज्यांच्या धानाला पाणी मिळे ते श्रम देत. यात पिळवणूक नव्हती असे नव्हे. पण पाळ कोणाची हे गावाला माहीत होते. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. गावकरी म्हणू लागले तलाव सरकारचा, आणि सरकारला इतक्या लहान तलावांकडे लक्ष द्यायला सवड नव्हती. सहा हजारांहून अधिक तलावांतील कित्येक गाळाने भरले, पाळी खचल्या. आज त्यांना 'मामा तलाव' म्हणतात. मामा म्हणजे माजी मालगुजारी. नाव प्रेमळ वाटते, पण त्यातला पहिला 'मा' माजीचा आहे.

बांध फुटून दुसऱ्याचे नुकसान झाले तर धन्याने ते भरावे का, हा वादही जुना आहे. इंग्लंडमधील लँकशायर येथे रायलंड्स नावाच्या गिरणीमालकाने तळे बांधवून घेतले. कंत्राटदारांना खोदताना खाणीचे जुने बुजलेले तोंड लागले. ते त्यांनी मालकाला सांगितले नाही. 1860 साली तळे भरताच पाणी त्या वाटेने शेजारच्या फ्लेचरच्या कोळसाखाणीत शिरले. 1868 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायासनाने ठरवले, की मालकाची चूक नसली तरी धोक्याची वस्तू स्वतःच्या जमिनीत आणून साठवणाऱ्याने ती सुटल्यास नुकसान भरलेच पाहिजे. सहाच वर्षांनी, 1874 मध्ये, तसाच खटला हिंदुस्थानातून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला. मद्रासकडील कार्वेटिनगरमच्या जमीनदाराचे जुने तलाव अतिवृष्टीत फुटले आणि मद्रास रेल्वे कंपनीचे पूल वाहून गेले. कंपनीने रायलंड्सचा दाखला दिला. न्यायाधीशांनी तो नाकारला. या देशात तलाव हे शेतीचे प्राण आहेत, ते राखणे हे जमीनदाराचे कर्तव्यच आहे. तेव्हा निष्काळजीपणा दाखवून दिल्याशिवाय तो नुकसानीला जबाबदार नाही, असा निर्णय झाला. मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो, पण त्यात एक मेख आहे. निष्काळजीपणा सिद्ध करायचा तर आधी कोणी तरी बांध पाहून, नोंद करून ठेवलेली हवी.

नोंद असूनही काय होते हे अमेरिकेतील साउथ फोर्क धरणाने दाखवले. पेन्सिल्व्हेनिया राज्याने कालव्याला पाणी पुरवण्यासाठी बांधलेले हे मातीचे धरण, उंची 22 मीटर, 1853 मध्ये पुरे झाले. तोवर रेल्वे आली आणि कालव्याचा उपयोग संपला. धरण रेल्वे कंपनीने घेतले. 1862 मध्ये त्याला खिंडार पडले, तेव्हा साठा कमी असल्याने फार हानी झाली नाही. पुढच्या एका मालकाने तळातील पाणी सोडण्याचे लोखंडी नळ उपटून भंगारात विकले. 1879 मध्ये ते पिट्सबर्गच्या धनिकांच्या मासेमारी क्लबकडे आले. अँड्र्यू कार्नेगी त्याचे सभासद होते. क्लबने खिंडार माती, फांद्या, गवत आणि शेणकूट घालून बुजवले. नळ पुन्हा बसवले नाहीत, म्हणजे साठा मुद्दाम खाली आणण्याची सोय राहिली नाही. बग्गी जावी म्हणून माथा छाटून खाली आणला. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या. खाली 14 मैलांवर जॉन्सटाउन हे पोलादाचे शहर होते. तिथल्या कारखान्याच्या प्रमुखाने, डॅनियल मॉरेल यांनी, 1880 मध्ये आपला अभियंता पाठवून तपासणी करवली. नळ नाहीत आणि दुरुस्ती कच्ची आहे, असे अभियंत्याने लेखी कळवले. क्लबने उत्तर दिले की चिंतेचे कारण नाही.

31 मे 1889 ला मोठा पाऊस झाला. सांडव्याच्या जाळ्या पालापाचोळ्याने तुंबल्या, पाणी बसक्या माथ्यावरून वाहू लागले आणि दुपारी धरण गेले. 2,209 माणसे मेली. क्लबवर न्यायालयात दायित्व लागले नाही. त्यानंतर मात्र अमेरिकेतील अनेक न्यायालये रायलंड्सच्या नियमाकडे वळली.

या गोष्टीतील एकेक बाब आपल्या आंबेगावच्या बांधाशी जुळवून पाहा. सांडव्यातील अडथळा, नळाची दुरवस्था, हयात नसलेला बांधणारा, दूर राहणारा धनी. कोणीही दुष्ट नव्हते. प्रत्येकाने आपापल्या सोयीचा एक लहानसा बदल केला.

बांध लहान आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. 6 नोव्हेंबर 1977 च्या पहाटेपूर्वी जॉर्जिया राज्यातील टोकोआ येथे केली बार्न्स नावाचे जुने मातीचे धरण फुटले. उंची बारा मीटरच्या आसपास, आणि मालक होते खालचेच एक महाविद्यालय. 39 माणसे गेली, त्यांत मुले बरीच होती. आपल्या बांधाचा हिशेब करू. पाणी भरल्यावर तळे अंदाजे 150 मीटर लांब, 100 मीटर रुंद आणि सरासरी 2 मीटर खोल. म्हणजे 30 हजार घनमीटर, 30 हजार टन पाणी. ओढ्याच्या अरुंद पात्रातून ते शाळेपर्यंत पोचायला काही मिनिटे पुरतील.

वेल्समधील डॉल्गारोग येथे एका खाजगी कंपनीचे धरण फुटून 1925 मध्ये 16 माणसे दगावली, तेव्हा ब्रिटनने 1930 मध्ये कायदा केला. भोवतालच्या जमिनीच्या पातळीवर 50 लाख गॅलन, म्हणजे सुमारे 22 हजार 700 घनमीटरपेक्षा जास्त पाणी साठवणाऱ्या प्रत्येक जलाशयाची, मालक कोणीही असो, जाणकार अभियंत्याकडून ठरावीक काळाने तपासणी सक्तीची झाली. आपला 30 हजार घनमीटरचा बांध त्या कायद्यात बसला असता. भारताचा धरण सुरक्षा कायदा 2021 चा. तो 15 मीटरहून उंच धरणांना लागू आहे. 10 ते 15 मीटर उंचीच्या धरणांना लांबी, साठा, पूर किंवा पायाची अडचण अशा काही अटींवर. डिंभे, माणिकडोह, पिंपळगाव जोगे ही मोठी धरणे त्यात येतात आणि ते योग्यच आहे. सात मीटरचा बांध येत नाही. 2016 पासूनच्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेनंतर या दोन तालुक्यांत ठिकठिकाणी दिसणारी शेततळीही येत नाहीत, मग त्यांचे भराव जमिनीच्या वर कितीही उंच असोत. कायदा करणाऱ्यांचीही अडचण समजू शकते. एवढ्या बांधांना अभियंते आणायचे कुठून?

गुरुजींनी त्या दिवसापुरता एक मार्ग काढला. बाबांना बरोबर घेऊन त्यांनी धन्याला फोन लावला आणि सांडव्यातील दगड-पोती काढण्याची परवानगी मागितली. ती लगेच मिळाली; त्या पोत्यांनी काय होते याची त्यांना खरोखर कल्पना नव्हती. उंबराचे झाड लगेच उपटू नका, असे मी सांगितले. झाड तोडल्यावर मुळे कुजतात आणि कुजलेल्या मुळांच्या जागी पोकळ्या राहतात. मुळांसकट काढून तिथे माती चोपून भरायची तर ते तळे कोरडे असताना, जाणकारासमोर करायला हवे.

जूनपासून नववीची मुले दर शनिवारी बांधावर जातात, पाऊस जोरात असेल तर नाही. नळाखाली एक लिटरची बाटली धरून ती भरायला किती सेकंद लागतात ते मोजतात आणि पाणी काचेच्या ग्लासात दहा मिनिटे स्थिर ठेवून तळाशी गाळ बसतो का ते पाहतात. तळ्यातील पाण्याची उंची त्याच ओळीत लिहितात, कारण पाणी वाढले की झिरप वाढणारच. पाणी तेवढेच असून झिरप वाढली तर काळजीचे. माथ्यावर तीन खुंट्या ठोकल्या आहेत, दोरी ताणून मधली खाली गेली का ते बघायला.

ऑगस्टमधील वहीची पाने गुरुजींनी मला पाठवली. बाटली भरायला आधी 41 सेकंद, मग 38, मग 38. गाळ नाही. शेवटच्या पानावर एका मुलीने लिहिले आहे की पायथ्याला नवीन दोन बिळे दिसली, एकात खेकडा होता, आणि बिळाच्या तोंडाशी माती कोरडी होती. नळाभोवती गाळणथर घालायचा खर्च कोणी करायचा, यावर धनी आणि वाडी यांची बोलणी दिवाळीनंतर व्हायची आहेत.